विद्वानाचे खोके कसे लावावेत आणि त्यातली मैत्री कशी वाचावी

एखादा प्राध्यापक गेला की मागे खोके उरतात. पुस्तकं कुणीतरी नेतं, कागद मात्र कुणालाच नको असतात. हा लेख त्या कागदांपाशी बसणाऱ्यासाठी आहे, आणि त्यातही एका अवघड प्रकारासाठी: ज्याचा विषय कायदा होता पण ज्याची अर्धी मैत्री मनोविश्लेषकांशी होती, किंवा याच्या उलट.

अशी माणसं वाटतात तितकी दुर्मीळ नाहीत. मनोविश्लेषण ही मनाच्या उपचाराची पद्धत उभी करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडच्या आतल्या वर्तुळातला हान्स झाक्स मुळात वकील होता. व्हिक्टर टाउस्कही कायद्याकडूनच तिकडे गेला. खुद्द फ्रॉइडने 1906 साली व्हिएन्ना विद्यापीठात कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे साक्ष आणि गुन्ह्याचा शोध या विषयावर भाषण दिलं होतं. पुढे अमेरिकेत न्यू हेवनच्या येल विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये कायद्याचा प्राध्यापक जोसेफ गोल्डस्टीन आणि लंडनहून येणारी फ्रॉइडची मुलगी, मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी मिळून शिकवलं आणि लिहिलं. अशा लोकांचे कागद लावण्याबद्दल जे सल्ले सर्रास दिले जातात, त्यातले निम्मे नुकसान करणारे आहेत.

पहिलं: हात लावण्याआधी फोटो

खोका उघडा, वरून फोटो काढा, गठ्ठ्यांना क्रमांक द्या, आणि कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने राहू द्या. एवढंच.

दुसरं: साफसफाई

गंजलेल्या टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढा. मऊ ब्रशने धूळ झाडा. लिहायचं ते पेन्सिलीनेच लिहा. पांढरे सुती हातमोजे फोटोंसाठी ठीक आहेत. कागदाला धुतलेले, कोरडे हातच बरे, कारण मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि जुना कागद फाटतो. लॅमिनेशन सुचवणाऱ्याला खोलीबाहेर बसवा.

तिसरं: कच्ची यादी

गठ्ठा क्रमांक, काय आहे, साधारण कुठल्या सालातलं. एका गठ्ठ्याला एक ओळ पुरे. वाचत बसलात तर महिना जाईल.

चौथं: पत्रं. खरं काम इथे आहे

इथे हमखास मिळणारा सल्ला असा: विषयवार लावा, कायदा एकीकडे, मनोविश्लेषण दुसरीकडे. हे करू नका. अगदी तात्पुरतंसुद्धा नको. मी हे काम शिकत होतो तेव्हा सगळ्यात जास्त झगडलो ते याच टप्प्यावर, कारण विषयवार लावलेले कागद फार नीटनेटके दिसतात आणि त्यातून काहीही कळत नाही. दोन विषयांमधली मैत्री त्या दोन ढिगांच्या मधोमध राहते. मुलाच्या ताब्याच्या खटल्यावरचं टिपण, त्याला टाचणीने लावलेलं विश्लेषक मित्राचं पत्र, त्या पत्राच्या पाठीवर लेखाचा कच्चा मुद्दा: हे तीन कागद एकत्र असतील तर तो पुरावा आहे. तीन फोल्डरमध्ये गेले की नुसते तीन कागद. टाचणी गंजली म्हणून काढलीत, तर ते तिन्ही एका कागदी घडीत ठेवा आणि वर पेन्सिलीने लिहा की हे एकत्र टाचलेले होते.

मग लावायचं कसं? क्रम मूळचा ठेवा आणि वेगळ्या वहीत प्रत्येक पत्रमित्राच्या नावाचं एक पान करा. त्या पानावर पत्राची तारीख, गठ्ठा क्रमांक, मायना, पत्रासोबत काय आलं आणि पत्रात कुठल्या लेखाचा किंवा पुस्तकाचा उल्लेख आहे एवढं टिपा. मायन्याचा रकाना चुकवू नका. ‘माननीय प्राध्यापक’पासून नुसत्या पहिल्या नावापर्यंतचा प्रवास कुठल्या महिन्यात झाला हे कळलं, की पुढच्या पत्रांतली थट्टा आणि खरी तक्रार यांतला फरक कळायला लागतो.

आता तारखा. तारीख नसलेली किंवा अर्धवट तारखेची पत्रं कंटाळून ‘दिनांक नाही’च्या फोल्डरमध्ये टाकणारे मला अजिबात आवडत नाहीत. बहुतेक पत्रांची तारीख काढता येते, फक्त एक सापळा ओळखायला हवा. युरोपातला माणूस आधी दिवस आणि मग महिना लिहितो, अमेरिकेतला आधी महिना. व्हिएन्ना, लंडन आणि न्यू हेवन अशा तीन गावांतून आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात हा घोळ पानोपानी असतो. त्यात भर म्हणजे मध्य युरोपातून आलेली पिढी अमेरिकेत स्थायिक झाल्यावर काही वर्षं जुन्या सवयीने लिहिते आणि मग अधूनमधून नव्या. महिना रोमन आकड्यात लिहिला असेल तर सुटलात.

नमुना म्हणून एक पत्र धरू. वर फक्त ‘गुरुवार, 4/7’. मजकुरात तिघांच्या पुस्तकाची छापील प्रत मिळाल्याचे आभार. 4 जुलै धरलं तर तो गुरुवारी येतो 1957, 1963, 1968, 1974 मध्ये. 7 एप्रिल धरलं तर 1955, 1960, 1966, 1977 मध्ये. एकच तारीख त्याच वारी पुन्हा यायला साधारण 5, 6 किंवा 11 वर्षं लागतात, त्यामुळे उमेदवार नेहमी थोडेच असतात. पुस्तक जर गोल्डस्टीन, ॲना फ्रॉइड आणि अल्बर्ट सॉलनिट या तिघांचं मुलांच्या ताब्याविषयीचं असेल, तर ते आलं 1973 साली. मग उरले 1974 आणि 1977. आता पत्राच्या माथ्यावरचा पत्ता, टंकलेखन यंत्राचं एखादं वाकडं अक्षर आणि पाकीट असेल तर पोस्टाचा शिक्का यांवर निकाल लागतो. निकाल लागला तरी तारीख चौकोनी कंसात लिहा आणि शेजारी कारण लिहा. कारणाशिवाय घातलेली तारीख पुढच्या माणसासाठी अफवाच असते.

जानेवारीतल्या पत्रांवर जादा संशय घ्या. गेल्या वर्षाचा आकडा हाताला चिकटलेला असतो.

पत्ता हाही साक्षीदार आहे. फ्रॉइड 1891 पासून 1938 पर्यंत बेर्गगासे 19 मध्ये राहिला, तेव्हा व्हिएन्नातला तो पत्ता फार मदत करत नाही. पण हान्स केल्सनसारखा न्यायशास्त्रज्ञ 1930 मध्ये व्हिएन्नाहून कोलोनला, 1933 नंतर जिनिव्हाला आणि 1940 मध्ये अमेरिकेला गेला. अशा माणसाच्या पत्राचा माथा बघितला की दशक ठरतं.

दुसऱ्या बाजूची पत्रं

खोक्यात असतात ती आलेली पत्रं. पाठवलेली पत्रं दुसऱ्याच्या खोक्यात असतात, हे इतकं उघड असूनही लोक एका बाजूवर निबंध लिहून मोकळे होतात. आधी कार्बन प्रती, म्हणजे पाठवलेल्या पत्राची टंकताना खाली उमटलेली नक्कल, शोधा. पातळ, जवळपास पारदर्शक कागद, बहुतेक वेळा सहीशिवाय. कित्येकदा त्या रद्दी समजून टाकल्या जातात. मग वहीतली नावं घेऊन त्या मित्रांचे कागद कुठल्या संग्रहात आहेत ते बघा.

सगळंच मिळेल अशी आशा धरू नका. फ्रॉइडने त्याचा बर्लिनमधला डॉक्टर मित्र विल्हेल्म फ्लीसला लिहिलेली पत्रं फ्लीसच्या विधवेने विकली आणि फ्रॉइडची शिष्या मारी बोनापार्तने ती विकत घेतली. ती नष्ट व्हावीत अशी फ्रॉइडची इच्छा होती, बोनापार्तने ऐकलं नाही. फ्लीसची फ्रॉइडला आलेली पत्रं मात्र मिळत नाहीत. म्हणजे मनोविश्लेषणाच्या जन्मकाळातला सगळ्यात महत्त्वाचा संवाद आपण एकाच कानाने ऐकतो. फ्रॉइडने तर 1885 च्या एप्रिलमध्ये, वय 28 असताना, चौदा वर्षांच्या टिपणांची आणि पत्रांची विल्हेवाट लावली आणि वाग्दत्त वधूला तसं मजेत कळवलं. भावी चरित्रकारांची पंचाईत होईल याचा त्याला आनंदच होता. तेव्हा खोक्यातली पोकळी दिसली की ती कुणी केली हा प्रश्न विचारा, आणि उत्तर नसेल तर पोकळी म्हणूनच नोंदवा. ‘या काळात मैत्री थंडावली’ असं लिहू नका. दोघं एकाच गावात राहायला आले असतील आणि पत्रं लिहायची गरजच उरली नसेल.

मैत्री आणि प्रभाव यांची गल्लत

हा माझा जुना राग आहे. पत्र सापडलं की लोक प्रभाव जाहीर करतात. केल्सन आणि फ्रॉइडचंच घ्या. दोघांची ओळख होती, केल्सनने व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण मंडळात भाषण दिलं आणि 1922 साली इमागो या मनोविश्लेषणाच्या नियतकालिकात राज्यसंस्थेची कल्पना आणि फ्रॉइडचं समूह-मानसशास्त्र यावर लेख लिहिला. म्हणून केल्सन फ्रॉइडवादी झाला का? लेख उघडून बघा: राज्यसंस्था म्हणजे फ्रॉइडला अभिप्रेत असलेला समूह नव्हे, असं तो बजावतो. फ्रॉइडने समूह-मानसशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकाच्या 1923 च्या आवृत्तीत तळटीप टाकून टीकेच्या चातुर्याला दाद दिली आणि मुद्दा नाकारला. यातली मैत्री दिसते ती मतभेदात. सहमती शोधत बसलात तर ती तळटीप हातातून निसटते.

उलट बाजूला अमेरिकन कायदेपंडित जेरोम फ्रँक. 1930 च्या त्याच्या पुस्तकात कायद्यात निश्चितता शोधण्याच्या हट्टामागे लहान मुलाची बापाविषयीची ओढ आहे असा दावा आहे. तिथे मनोविश्लेषण ठासून भरलेलं आहे, आणि ते समजायला फ्रॉइडचं एकही पत्र लागत नाही. पुस्तकांतून आलेलं आणि माणसांतून आलेलं वेगळं नोंदवा. माझी कसोटी सोपी आहे: पत्रातला आक्षेप पुढच्या मसुद्यात दिसतो का? एखादा परिच्छेद खोडला, एखादं ‘मात्र’ घातलं, समासात मित्राची आद्याक्षरं आली, तरच प्रभाव म्हणा. नुसतं ‘लेख आवडला’ हे शिष्टाचाराचं पत्र आहे. विद्वान लोक ते ढिगाने लिहितात, न वाचताही.

म्हणून भेट आलेल्या लेखांच्या छापील प्रती फेकू नका, कितीही ग्रंथालयांत तो अंक असो. पाने न कापलेली, म्हणजे घडीच्या कडा अजून जोडलेल्याच असलेली प्रत म्हणजे लेख वाचलाच नाही. पहिली चार पानं रेघांनी भरलेली आणि बाकी कोरी असेल, तर तिथवरच वाचला. ही माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

पाचवं: गुपितं

विश्लेषकाच्या पत्रात रुग्ण असतात, वकिलाच्या पत्रात अशील. नावं बहुधा नसतात, पण ‘ती बाई, जिचा नवरा अमुक खात्यात’ एवढ्यावर गावातला माणूस ओळखतो. मुलांच्या ताब्याचे खटले असतील तर ती मुलं आज जिवंत, मोठी माणसं असू शकतात.

त्यातच आणखी एक गुंता: विद्वान स्वतःच कधीतरी विश्लेषणासाठी जात असेल. भेटींच्या डायरीत आठवड्याचे चार-पाच दिवस तीच वेळ, समोर नाव नाही, ऑगस्टमध्ये, म्हणजे विश्लेषकांच्या सुट्टीच्या महिन्यात, सगळं कोरं: असं दिसलं की थांबा. तो शोध म्हणून मिरवायचा नाही. डायरी जपा, दर महिन्याचं बिल जपा, आणि यादीत ‘वैयक्तिक भेटी’ एवढंच लिहा.

यावर दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक, नाजूक कागद जाळा. दोन, सगळं स्कॅन करून खुलं करा. दोन्ही वाईट. असा कागद बाजूला काढा, त्याच्या जागी एक चिठ्ठी ठेवा की इथून एक पान काढलं आहे, आणि बंद पाकिटावर ते कधी उघडायचं ती तारीख घाला. तारीख हवीच. 1951 मध्ये मनोविश्लेषक कुर्ट आइसलरने उभ्या केलेल्या फ्रॉइड अर्काइव्हने कागद जमवले ही मोठी गोष्ट, पण लावलेल्या बंदीच्या मुदती इतक्या लांब होत्या की अभ्यासकांच्या पिढ्या दारातून परत गेल्या. आता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले त्यातले बरेच कागद इंटरनेटवर बसल्या जागी वाचता येतात. मुदत ठरवताना हयात व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवा. कुटुंबाची लाज हे कारण मी मानत नाही.

सहावं: हक्क

पत्राचा कागद ज्याच्याकडे आला त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. छापायचं असेल तर त्यांची परवानगी घ्या. फक्त वाचायचं असेल तर संग्रहाचे नियम पाळा.

सातवं: वर्णन

संग्रह कुठल्याही ग्रंथालयाला देताना सोबत दोन-तीन पानांचं वर्णन द्या. चरित्र थोडक्यात लिहा, ते कुठेही मिळेल. पण क्रम कुणाचा आहे, तुमचा की मूळचा, कुठले गठ्ठे फुटलेले आले, कुठल्या पत्रांची तारीख तुम्ही काढली, काय बंद ठेवलं आणि कधीपर्यंत, हे तपशिलात लिहा. नावांची वही सोबतच द्या, सुवाच्य नक्कल करून नव्हे तर आहे तशी, खाडाखोडीसकट. शेवटी त्या मित्रांचे कागद ज्या इतर संग्रहांत आहेत त्यांची यादी जोडा. पुढचा माणूस सगळ्यात आधी तीच उघडेल.