पोरांचा वाचनगट: मोहावर बोलायचं कसं

पहिल्याच बैठकीला जाडजूड पुस्तक घेऊ नका. बायबलमधलं मत्तय, अध्याय ४, पहिली ११ वचनं (सैतान येशूला मोहात पाडू बघतो ती), बास. एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी हातात पेन्सिल धरावी. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली आहेत. ८:३, ६:१६ आणि ६:१३ तिथेच उघडून बघा. मग विचारा: सैतानही ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतो, त्याचं काय? आमच्याकडे इथेच चहा गार होतो.

दारू, मोबाइल, पैसा हे विषय निघणारच. पण "तू काय केलंस?" असं कुणाला थेट विचारू नका. ज्याला सांगायचंय तो सांगेल, आणि ते खोलीबाहेर जाता कामा नये. पाळकसाहेबांना दर वेळी बोलावू नका (त्यांच्यासमोर सगळेच संत होतात). पुढच्या बैठकीला बायबलमधलं याकोबाचं पत्र, १:१३-१५ घ्या.