दूरध्वनीवरील डॅनिश: पहिली वाक्ये, आकडे आणि वेळ

डेन्मार्कमध्ये नव्याने राहायला गेलेल्या माणसाला समोरासमोर बोलताना हावभावांचा आधार मिळतो, पण दूरध्वनीवर तो आधार उरत नाही. शिवाय डॅनिश बोलताना शब्दांचे शेवट इतके पुसट होतात की कागदावर ओळखीचे वाटणारे वाक्यही कानाला अनोळखी वाटते. त्यामुळे ही वाक्ये ऐकून आणि मोठ्याने म्हणून शिकावीत. येथे दिलेले देवनागरी उच्चार केवळ जवळपासचे आहेत.

फोन उचलणारी व्यक्ती बहुधा आपले नावच सांगते. आपणही ‘हाय, दे एर’ म्हणून पुढे स्वतःचे नाव जोडावे आणि लगेच कामाचे बोलावे. दवाखान्यात वेळ घ्यायची असल्यास ‘याय रिंगर फॉ ऑ बेस्टिले एन तिद’, म्हणजे ‘वेळ ठरवण्यासाठी फोन केला आहे’, असे सांगावे. डॉक्टरांनाही ‘दू’, म्हणजे ‘तू’, असेच संबोधतात. आपल्याला सुरुवातीला अवघड वाटले, तरी त्यात कोणताही अनादर नसतो.

समजले नाही तर गप्प राहू नये. ‘कॅ दू ताले लित लांगसॉमर?’ (जरा सावकाश बोलशील का?) हे वाक्य मी सर्वांत आधी पाठ करायला सांगेन. पलीकडून ‘एत ऑयब्लिक’ ऐकू आले, तर क्षणभर थांबायचे आहे.

खरी कसोटी आकड्यांची असते. डेन्मार्कमधील दूरध्वनी क्रमांक ८ अंकी असतो आणि तो सहसा दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी सांगतात. पंचविसाला ‘फेमोत्यूव’, म्हणजे ‘पाच आणि वीस’, म्हणतात. एकक आधी येण्याची ही रीत ‘पंचवीस’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला परकी नाही. ५० ते ९० या दशकांची नावे मात्र विसांच्या हिशेबाने घडली आहेत. ‘हॅलत्रेस’ म्हणजे मुळात अडीच विसा, अर्थात ५०. ‘त्रेस’ म्हणजे तीन विसा, ६०. ‘हॅलफ्यॅर्स’ साडेतीन विसा, ७०. ‘फिअर्स’ चार विसा, ८०. आणि ‘हॅलफेम्स’ साडेचार विसा, ९०. अडीच आणि साडे यांचा हिशेब आपल्या जिभेवर असल्यामुळे ही नावे घोकण्यापेक्षा उलगडून लक्षात ठेवणे सोपे जाते.

वेळ सांगताना ‘हॅल’ हाच शब्द फसवतो. ‘नी’ म्हणजे नऊ, पण ‘हॅल नी’ म्हणजे साडेनऊ नव्हे, तर साडेआठ. म्हणून ठरलेली वेळ स्वतः उच्चारून पक्की करावी: ‘अल्सो तॉर्सदा क्लॉकन हॅल नी?’ (म्हणजे गुरुवारी साडेआठ वाजता ना?)

तातडीच्या प्रसंगी ११२ या क्रमांकावर आधी पत्ता सांगावा आणि मग ‘याय हार ब्रू फॉ येल्प’ (मला मदत हवी आहे) म्हणावे. एरवी संभाषण संपवताना ‘ताक फॉ येल्पन’ म्हणून मदतीचे आभार मानावेत. त्यावर पलीकडून ‘हाय हाय’ असे दोनदा ऐकू आले, तर तो निरोप असतो, आणि आपणही तेच म्हणून फोन ठेवावा.