विभागाचा फुटबॉल जिंकायचा तर शेवटची दहा मिनिटं सांभाळा

जुलैत कॉलेजच्या जिमखान्याच्या फळ्यावर फुटबॉलची नोटीस लागली की पहिल्या दिवशी मैदान भरून जातं. ऑगस्टमध्ये निम्मी पोरं गळतात. काळ्या मातीवर पाऊस पडला की बुटाला चिखलाचे लपके चिकटतात, बॉल जागचा हलत नाही आणि घरचे विचारतात, 'हे कशाला?' त्यानंतरही जे येत राहतात त्यांचीच टीम होते. म्हणून निवडीची धास्ती आत्तापासून घेऊ नका. खान्देशात क्रिकेट-कबड्डीपुढे फुटबॉलला पोरं कमी पडतात, हे तुमच्या पथ्यावरच आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं मिळून आपलं विद्यापीठ. कॉलेजांचे विभाग पाडलेत. आधी एकेका विभागातली कॉलेजं आपसात भिडतात, मग आंतरविभागीय सामने, त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि तो पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. हे तुम्हाला माहीत असेलच. पण विभागातले सामने बाद पद्धतीचे असतात आणि एकामागोमाग एक उरकले जातात, याचा अर्थ पोरं नीट लक्षात घेत नाहीत. इथे लीग नाही, की आज बरोबरी झाली तर उद्या भरून काढू. बरोबरी म्हणजे टायब्रेकर, दोन्ही टीमनी आळीपाळीने पेनल्ट्या मारून निकाल लावायचा. आमच्याकडे जादा वेळही नव्हता, शिट्टी झाली की थेट पेनल्ट्या.

आमचं कॉलेज विभागाचं विजेतं झालं त्याच्या आदल्या वर्षी उपांत्य सामन्यात बरोबरी होती. ऑक्टोबरचं ऊन, मुरमाड मैदान. शेवटच्या काही मिनिटांत माझ्या पोटरीत गोळा आला. कोचनी मला बाहेर बोलावलं आणि ताज्या दमाचा पोरगा आत घातला. बाहेरून कोणीही म्हणेल, बरोबर केलं. टीममध्ये पेनल्टी मारणारा पहिला मी. सामना बरोबरीतच सुटला. पाय तोवर मोकळा झाला होता, मी बूट आवळून आत निघालो आणि रेफ्रींनी हात आडवा केला. बेंचवरचा एक जण म्हणाला, "आते काय करशी भो?" पेनल्ट्या मी रेषेबाहेरून बघितल्या. आम्ही हरलो. अजूनही टीव्हीवर टायब्रेकर लागला की मी उठून पाणी प्यायला जातो.

नियम असा आहे. सामना संपल्याची शिट्टी होते तेव्हा जे मैदानात असतील तेच पेनल्टी मारू शकतात. बदली होऊन बाहेर आलेला संपला, मग तो कितीही तयारीचा असो. अपवाद एकच, कीपर जायबंदी होऊन पुढे खेळू शकत नसेल तर राखून ठेवलेला बदली खेळाडू आत येऊ शकतो. आता पुढचं वाक्य दोनदा वाचा. जो दुखापतीच्या उपचारासाठी किंवा बूट-मोजे नीट करायला तात्पुरता बाहेर गेलाय, पण ज्याची बदली झालेली नाही, तो मैदानातलाच धरला जातो. म्हणजे पायात गोळा आलेल्या पोराला बदलायचं नाही. रेफ्रींच्या परवानगीने त्याला रेषेबाहेर बसवायचं, पाय ताणून द्यायचा, आणि शेवटची चार-पाच मिनिटं दहा जणांनी दात-ओठ खाऊन काढायची. शिट्टीनंतर तो उठून पेनल्टी मारू शकतो. याला कोणी लबाडी म्हणेल, म्हणू द्या. दुखणं खरं असलं की नियमात बसतं.

अजून थोडं, कारण हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. समोरच्या टीमला लाल कार्ड मिळून त्यांचे दहाच उरले असतील तर तुम्हालाही टायब्रेकरला एक खेळाडू कमी करावा लागतो. तो कोण, हे आधीच ठरलेलं हवं. नाणेफेक दोनदा होते, एकदा कोणत्या गोलवर मारायचं यासाठी आणि एकदा पहिली कोणी मारायची यासाठी. पाचपाच झाल्यावर बरोबरी राहिली की एकेक करून पुढे, आणि सगळ्यांची मारून होईपर्यंत कोणालाही दुसऱ्यांदा मारता येत नाही. म्हणजे सहावा, सातवा, आठवाही तयार पाहिजे, तुमचा लाजाळू लेफ्ट बॅकसुद्धा. किक लागेपर्यंत कीपरच्या एका पायाचा निदान काही भाग रेषेवर किंवा रेषेच्या मागे हवा. पुढे सरकून अडवली तर पेनल्टी पुन्हा मारायला लावतात.

पुढच्या वर्षी आमच्या स्पोर्ट्सच्या सरांनी जुलैतच वहीत पेनल्टीचा क्रम लिहिला, अगदी अकराव्यापर्यंत. फक्कीने ११ मीटरवर ठिपका मारायचा आणि पेनल्ट्या सरावाच्या शेवटी, धावून जीभ बाहेर आल्यावरच मारायच्या. ताज्या पायाने कोणीही मारतो. त्या वर्षी उपांत्य सामना पुन्हा टायब्रेकरला गेला. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, रेषेबाहेर पाय धरून बसला होता, तोच उठला आणि त्याने शेवटची मारली. अंतिम सामना त्यामानाने सोपा गेला, कॉर्नरवर डोक्याने एक गोल, बस.

हे सर स्वतः कधी मोठं फुटबॉल खेळले नव्हते. पण पहाटे साडेपाचला हजेरी घ्यायचे. माझं मत विचाराल तर नावाजलेल्या पाहुण्या कोचपेक्षा हजेरी घेणारा मास्तर बरा. पाहुणा फोटो काढून जातो. मोबाइलवर फ्री किकचे व्हिडिओ बघून कोणी फुटबॉलर होत नाही, आणि उसने खेळाडू दुसऱ्याच्या नावावर खेळवणाऱ्या टीमच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका. तक्रार झाली की जिंकलेला सामना जातो, वर तुमचंही नाव खराब.

महागडे बूट लागत नाहीत. कडक मैदानावर लांब स्टडपेक्षा आखूड रबरी स्टड चांगले, घोटा वाचतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सामन्याच्या आदल्या दिवसापासून प्या, मध्यंतरात घटाघटा पिऊन उपयोग नाही. आणि पहिल्या वर्षी बेंचवर बसवलं तर रुसू नका. आमचा अंतिम सामन्यातला गोल आधीचं अख्खं वर्ष पाण्याच्या बाटल्या उचलणाऱ्याने मारला.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगतो. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण नुसत्या आंतरमहाविद्यालयीन विजेतेपदावर ते मिळत नाही. त्यासाठी वरच्या पातळीवरची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी होते. म्हणून विद्यापीठ संघाच्या निवडचाचणीला जाच, थकलेले असलात तरी. प्रमाणपत्र हातात पडलं की नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रकाशी तिथेच ताडून बघा, स्पर्धेचं वर्षही तपासा. चूक असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या.