खोल समुद्रातलं पाणी कुठून आलं हे ओळखताना या चुका टाळा

अरबी समुद्रात ३,००० मीटरखाली जे पाणी असतं ते मुळात तिथलं नसतंच. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातून, म्हणजे दक्षिण महासागरातून, ते तळाशी सरकत उत्तरेला आलेलं असतं. इतक्या खोलवर तापमान आणि क्षारता यांत फारसा फरक उरत नाही, म्हणून विरघळलेला ऑक्सिजन, फॉस्फेट, सिलिकेट यांचा आधार घ्यावा लागतो. घोळ होतो तो तिथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऑक्सिजन कमी दिसला की ‘हे पाणी वेगळं’ म्हणून मोकळं होणं. वरून पडणारा जैविक गाळ कुजवताना जिवाणू ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पाणी तेच असूनही आकडा घसरतो. मात्र त्याच वेळी फॉस्फेट वाढतं, साधारण ऑक्सिजनचे १७५ रेणू खर्च झाले की फॉस्फेटचा १. म्हणून फॉस्फेटमध्ये ऑक्सिजनचा १७५ वा भाग मिळवा आणि १.९५ हा ठरीव आकडा वजा करा. समजा ऑक्सिजन २१० आणि फॉस्फेट २.२ मायक्रोमोल प्रतिकिलो आहे. उत्तर येतं १.४५. पुढे ऑक्सिजन १७५ वर आला आणि फॉस्फेट २.४ झालं, तरी उत्तर १.४५ च. उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात हा आकडा ०.७३ च्या आसपास असतो, दक्षिण महासागराच्या खोल पाण्यात १.९५ च्या. दोन टोकांमधला फरक इतका मोठा असल्यामुळे मिश्रणाचं प्रमाणही काढता येतं.

हीच युक्ती नायट्रेटवरही चालते. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी १९७४ मध्ये दोन्हींची मूळ कल्पना मांडली. पण अरबी समुद्राच्या मधल्या थरात नायट्रेटच्या वाटेला जाऊ नका. तिथे ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो, मग जिवाणू नायट्रेटवर भागवतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होतो. हिशेबच बिघडतो. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत बसून काम करणाऱ्याला हे सांगायला नको, पण अटलांटिकची पद्धत जशीच्या तशी उचलणारे इथे हमखास फसतात.

सीएफसी हे जुन्या फ्रीजमध्ये वापरले जाणारे कृत्रिम वायू हवेतून पाण्यात विरघळतात. त्यांच्या प्रमाणावरून पाण्याचं वय, म्हणजे ते पृष्ठभाग सोडून किती वर्षं झाली, हे काढताना दोन गोष्टी जपा. हवेतलं सीएफसी-११ १९९० च्या दशकात शिखरावर जाऊन घटायला लागलं, त्यामुळे एकाच प्रमाणाला दोन वर्षं लागू पडू शकतात. शिवाय खोल अरबी समुद्रात सीएफसी नगण्यच, त्यामुळे जहाजावरच्या जुन्या फ्रीजमधून गळलेला गॅससुद्धा ‘ताजं पाणी’ दाखवतो.

सिलिकेटचं सॅम्पल काचेच्या बाटलीत कधीच नको, काचेतूनच सिलिका सुटते. गोठवलेलं सॅम्पल वितळल्या वितळल्या मोजलं तर आकडा कमी येतो. रात्रभर थांबा.

आणि एखाद्याच खोलीचे सगळे आकडे एकदम वरच्या थरासारखे दिसले, तर नवा प्रवाह सापडल्याच्या आनंदात राहू नका. आधी त्या बाटलीची क्षारता सीटीडीच्या (पाण्यात सोडलेल्या, क्षारता-तापमान-खोली मोजणाऱ्या यंत्राच्या) सेन्सरशी ताडून बघा. जुळली नाही तर निस्किन बाटलीचं (ठरावीक खोलीवर बंद होऊन पाणी घेणाऱ्या बाटलीचं) झाकण नीट बसलेलं नाही किंवा ती वरच कुठेतरी बंद झाली. त्या बाटलीचे सगळेच आकडे बाजूला काढा.