बिल्डरूटमध्ये स्वतःचं पॅकेज घालताना

बिल्डरूट म्हणजे एम्बेडेड उपकरणासाठी अख्खी लिनक्स सिस्टिम बांधून देणारं साधन. त्यात पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्राम किंवा लायब्ररी, घालणं म्हणजे तीन लहान फाइली लिहिणं. त्या लिहिण्यात फारसं काही नाही. माझा वेळ जातो तो डिपेंडन्सी (आधी बांधून तयार लागणारी दुसरी पॅकेजं) खऱ्या लिहिल्यात की नाहीत हे तपासण्यात, म्हणून या लेखातही तोच भाग मोठा आहे.

उदाहरण घेऊ: टेम्प-लॉग नावाचा सी प्रोग्राम. तापमान वाचतो, नोंदवून ठेवतो आणि त्यासाठी जीलिब लायब्ररी वापरतो. सोबत हाताने लिहिलेली साधी मेकफाइल, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा ते 'मेक'ला सांगणारी फाइल. (नावं इथे उच्चाराने देतेय, फाइलींत ती नेहमीसारखी इंग्रजीतच लिहायची.)

प्रोग्राम फक्त तुमच्या उत्पादनापुरता असेल तर तो बिल्डरूटच्या मूळ झाडात (त्याच्या स्वतःच्या सोर्स डिरेक्टरीत) टाकू नका. बीआर२_एक्स्टर्नलची, म्हणजे बिल्डरूटबाहेर आपलं सामान ठेवायची, वेगळी डिरेक्टरी करा. तिथे एक्स्टर्नल डॉट डेस्क, एक्स्टर्नल डॉट एमके आणि कॉन्फिग डॉट इन या तीन फाइली लागतात. बिल्डरूटची नवी आवृत्ती दर तीन महिन्यांनी येते. आपलं सामान वेगळं ठेवलं असेल तर ती घेणं पुष्कळ सोपं जातं.

आता पॅकेज. पॅकेज/टेम्प-लॉग या डिरेक्टरीत पहिली फाइल कॉन्फिग डॉट इन. तिच्यात बीआर२_पॅकेज_टेम्प_लॉग हा पर्याय येतो (डॅशच्या जागी अंडरस्कोर, सगळं कॅपिटल), शिवाय दोन ओळींची मदत आणि प्रकल्पाचा पत्ता. जीलिब हवी म्हणून 'सिलेक्ट' लिहा. पण सिलेक्ट फक्त तो पर्याय चालू करतं, जीलिबच्या स्वतःच्या अटी बघत नाही. जीलिबला वाइड कॅरॅक्टर, थ्रेड आणि एमएमयू (प्रोसेसरमधलं मेमरी सांभाळणारं युनिट) लागतात. म्हणून या तिन्ही अटी 'डिपेंड्स ऑन' लावून आपल्या पर्यायातही उतरवायच्या आणि प्रत्येकीपुढे ती कोणामुळे आली ते कॉमेंटमध्ये लिहायचं. कंटाळवाणं वाटतं खरं, पण पुढे कोणी जीलिब काढून टाकली तर कोणत्या अटी पुसायच्या ते त्या कॉमेंटवरूनच कळतं. आपली कॉन्फिग डॉट इन वरच्या कॉन्फिग डॉट इनमध्ये 'सोर्स' केली नाही, तर पॅकेज मेन्यूत दिसणारच नाही.

दुसरी फाइल टेम्प-लॉग डॉट हॅश: टारबॉल (सोर्स कोडची बांधलेली फाइल) आणि लायसन्सची फाइल, दोन्हींचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा आकडा. लायसन्सचा हॅश 'मेक लीगल-इन्फो' चालवताना तपासला जातो. नव्या आवृत्तीत लायसन्स गुपचूप बदललं असेल तर ते इथे पकडलं जातं.

तिसरी, टेम्प-लॉग डॉट एमके. व्हर्जन, साइट, लायसन्स, लायसन्स_फाइल्स आणि शेवटी कोणत्या साच्याने बांधायचं त्याची इव्हॅल ओळ. प्रकल्प सीमेक, मेसन किंवा ऑटोटूल्सचा असेल तर त्याचा तयार साचा वापरा, काम दहा ओळींत होतं. आपली मेकफाइल हाताने लिहिलेली, त्यामुळे जेनेरिक-पॅकेज घ्यायचं आणि बिल्ड व इन्स्टॉलच्या आज्ञा स्वतः द्यायच्या.

पहिली गाठ इथेच पडते. मेकफाइलमध्ये 'सीसी = जीसीसी' असं लिहिलेलं असतं. टार्गेट_कॉन्फिगर_ऑप्ट्स (टार्गेटसाठीचा, म्हणजे उपकरणासाठीचा, कंपायलर वगैरे सांगणारं व्हेरिएबल) हे मेकच्या आधी, एन्व्हायर्नमेंट म्हणून दिलं तर मेकफाइल त्याला जुमानत नाही आणि तुमच्याच संगणकाचा कंपायलर चालतो. तेच मेकच्या नंतर, कमांड लाइनवर दिलं की मेकफाइलमधली किंमत मागे पडते. चुकीच्या आर्किटेक्चरची बायनरी टार्गेटमध्ये गेलीच, तर इन्स्टॉलनंतर बिल्डरूट ती तपासून बिल्ड थांबवतं. आणि मेकफाइलमध्ये थेट /यूएसआर/इन्क्लूड लिहिलेलं असेल, तर कंपायलरभोवतीचा रॅपर 'अनसेफ पाथ'ची एरर देतो. एररला बगल देत बसू नका. मेकफाइल पॅच करा: ०००१ ने सुरू होणारी पॅच फाइल त्याच डिरेक्टरीत ठेवली की ती आपोआप लागते.

आता टेम्प_लॉग_डिपेंडन्सीज. कॉन्फिगमधल्या सिलेक्टने बिल्डचा क्रम ठरत नाही, तो या ओळीने ठरतो. इथे लिबजीलिब२ (बिल्डरूटमधलं जीलिबचं नाव) आणि होस्ट-पीकेजीकॉन्फ (लायब्ररी कुठे आहे ते बिल्डला सांगणारं साधन) लिहायचं. समजा विसरलात, तरी बिल्ड बहुधा बिनबोभाट पार पडेल! कारण पॅकेजं साधारण वर्णक्रमाने बांधली जातात आणि एल टीच्या आधी येतो. उद्या कोणी प्रोग्रामचं नाव एन्व्ह-लॉग केलं की हेडर सापडत नाही म्हणून रड सुरू, आणि त्या माणसाला वाटणार नाव बदलल्यानेच काहीतरी मोडलं.

म्हणून आधी 'मेक क्लीन' आणि मग नुसतं 'मेक टेम्प-लॉग' चालवा. आता फक्त हे पॅकेज आणि त्याने सांगितलेल्या डिपेंडन्सी एवढंच बांधलं जाईल, राहिलेली गोष्ट लगेच उघडी पडेल. टूलचेनही (कंपायलर आणि त्याच्या सोबतची साधनं) पुन्हा तयार होते, वेळ लागतो, लागू द्या. याहून कडक परीक्षा हवी असेल तर बीआर२_पर_पॅकेज_डिरेक्टरीज चालू करा. मग प्रत्येक पॅकेजला त्याने जाहीर केलेल्या डिपेंडन्सी आणि त्यांच्या डिपेंडन्सी एवढंच दिसतं.

कोड बदलत असताना 'टेम्प-लॉग-रीबिल्ड' पुरतं. आवृत्ती किंवा पॅच बदलला तर 'टेम्प-लॉग-डिरक्लीन' करून पुन्हा बांधा. मेन्यूत पॅकेज बंद केलं तरी त्याची बायनरी आउटपुट/टार्गेटमध्ये पडूनच राहते, ती फक्त पूर्ण क्लीन बिल्डने जाते.

शेवटी यूटिल्समधलं चेक-पॅकेज चालवा. टॅबऐवजी स्पेस, ओळींचा क्रम असल्या बारीकसारीक गोष्टी ते दाखवतं. मग टेस्ट-पीकेजी: ते वेगवेगळ्या टूलचेनवर पॅकेज बांधून बघतं. थ्रेड नसलेल्या टूलचेनपुढे 'स्किप्ड' आलं तर चिंता नको, डिपेंड्स ऑन लागू पडलंय एवढाच त्याचा अर्थ. तिथे 'फेल्ड' आलं तर आधी कॉन्फिग डॉट इन उघडा.