बी कसं उडतं, कसं चिकटतं, कसं निसटतं: खानदेशातल्या बांधावर करून पाहायचे प्रयोग

निंदणीच्या वेळी तण दिसलं की आपण उपटतो, आणि ते बरोबरच आहे. पण फळ धरलेलं एखादं रोप बांधावर राखून ठेवा आणि त्याचं बी कुठवर जातं ते तपासा. तण दरवर्षी पुन्हा का येतं, याचं उत्तर बियाच्या अंगावरच असतं. कुठे काटा, कुठे पंख, कुठे केस, कुठे चिकट गर. हे ओळखता आलं की तण कोणत्या वेळी काढायचं हेही कळतं.

साहित्य घरचंच लागतं: जुनी पांढरी चादर, जुने लोकरी मोजे, बशीभर पाणी, मोजपट्टी, जमल्यास भिंग. बी ठेवायला कागदी पाकिटं घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते.

पोळ्याच्या सुमारास: तेरडा

अंगणातल्या तेरड्याची फुगलेली, फिकट हिरवी बोंडं शोधा. रोपाखाली चादर पसरा आणि बोंडाच्या टोकाला बोटानं हळूच स्पर्श करा. बोंड पिकलेलं असेल तर त्याच्या पाकळ्या झटक्यात आत वळतात आणि बी चहूकडे फेकलं जातं. ही ताकद बोंडाच्या भिंतीत भरलेल्या पाण्याच्या दाबाची असते, म्हणून सुकलेलं बोंड हा खेळ दाखवत नाही. सगळ्यात लांब पडलेल्या बियाचं अंतर मोजा. मुलांना हा प्रयोग आधी द्या, कारण यात वाट पाहावी लागत नाही.

अबोली: पाण्याची बशी

अबोलीचं गणित नेमकं उलटं आहे. गजऱ्यासाठी सगळी फुलं खुडली तर शेंगा धरतच नाहीत, म्हणून दोन-चार तुरे झाडावरच पूर्ण वाळू द्या. वाळलेल्या शेंगा काढून बशीतल्या पाण्यात टाका आणि चेहरा जरा लांब ठेवा. थोड्याच वेळात त्या टकटक फुटू लागतात. पाणी लागल्यावर फुटणाऱ्या शेंगेचं बी ओल्या मातीत पडतं, त्याला आणखी पावसाची वाट पाहत बसावं लागत नाही. आमच्याकडे पाऊस बेभरवशाचा, तिथे या युक्तीची किंमत शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. रस्त्याकडेला जांभळी फुलं येणाऱ्या रुएलियाच्या वाळक्या शेंगाही पाण्यात अशाच फुटतात.

दिवाळीनंतर: मोजे घालून चाला

सातपुड्याच्या पायथ्याला किंवा धुळे-साक्रीकडच्या माळावर गवत वाळलं की बुटांवरून लोकरी मोजे चढवा आणि गवतातून फेरी मारा. परत आल्यावर मोजे चादरीवर ठेवून एकेक बी वेगळं करा. बहुतेक वेळा यांतलं काही तरी हाती लागेलच:

आघाडा. याची फळं दांडीवर खाली वळलेली असतात. दांडीवर वरून खाली हात फिरवा, मग खालून वर फिरवा. कशानं पकडलं ते लगेच समजेल.

सराटा. याचं फळ पाच तुकड्यांत सुटतं. तुकडा जमिनीवर कसाही टाका, एखादा काटा वर राहतोच. सायकलच्या टायरला हे आपल्याआधी कळलेलं असतं.

शंकेश्वर. तापी-गिरणेच्या काठचं हे काटेरी फळ सुरीनं उभं चिरा. आत दोन बिया दिसतील. त्यांतली एक सहसा लवकर उगवते, दुसरी मागे थांबते. पहिलं रोप पाण्याअभावी गेलं तरी दुसरीची पाळी शिल्लक असते. याची कोवळी रोपं गुरांना विषारी असतात, म्हणून गोठ्याजवळ किंवा चराईच्या जागी लावून पाहू नका.

आणि कुसळ. यावर मात्र निवांत वेळ द्या. कुसळीच्या बियाला लांब, पीळ पडलेला काळपट केस असतो. पीळ असलेला भाग ओला करा आणि बी दोन बोटांत धरून ठेवा. केस हळूहळू उलगडत गोल फिरतो. वाळला की पुन्हा पीळ भरतो. मोकळ्या मातीवर बी ठेवून दिवसभरात काही वेळा पाणी शिंपडा आणि मध्ये वाळू द्या. ओल आणि ऊन यांच्या आलटापालटीनं बी स्वतःला मातीत रुतवू लागतं. टोकाशी मागे वळलेले ताठ केस असल्यानं आत गेलेलं सहजी बाहेर येत नाही. हाच गुण मेंढीच्या अंगावर घातक ठरतो: कुसळ लोकरीतून कातडीत घुसतं. मेंढ्यांना असं रान चारायचं तर ते कुसळ धरण्याआधीच.

फाल्गुनापासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत): वारा

रुईचं फळ उकलायला लागलं की काढा. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात लगेच धुवा. वाळल्यावर रेशमी म्हाताऱ्या गच्चीवरून सोडा. काटेसावरीची बोंडं आखाजीच्या आसपास फुटतात, तिचा कापूस बियासकट उडतो. शेवग्याचं तीन पंखांचं बी उंचावरून टाका, ते कसं खाली येतं पाहा. मग पंख खुडून तेच बी पुन्हा टाका.

इथे आपल्या कपाशीकडेही वेगळ्या नजरेनं पाहता येतं. जिनिंगमध्ये जो माल निघतो, तो सरकीवर वाढलेला केसच. माणसानं लांब धाग्याची झाडं निवडत नेली, म्हणून तो आज एवढा आहे. रावेर-यावलच्या केळीचं आणखी पुढे गेलेलं आहे: तिच्या फळात उगवणारं बीच उरलं नाही, कंद किंवा ऊतीसंवर्धित रोप लावल्याशिवाय ती पुढच्या शेतात जाऊ शकत नाही.

मुंग्या आणि पक्षी

एरंडाच्या बियाच्या टोकाला छोटी पांढरट गाठ असते. गाठ असलेल्या चार बिया आणि गाठ काढलेल्या चार बिया मोठ्या मुंग्यांच्या वाटेवर वेगवेगळ्या ठेवा आणि कोणत्या आधी हलतात ते पाहा. मुंग्यांना ती गाठच हवी असते. एरंडाचं बी विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका; गुंजेचंही तसंच.

आंब्यावरच्या बांडगुळाचं फळ चिरडून बोटांत ताणा, चिकट धागे निघतील. फुलटोच्या पक्षी ही फळं गिळतो आणि विष्ठेतून आलेलं चिकट बी फांदीवर पुसतो. ते तिथेच रुजतं. जमिनीवर पडलं तर जगत नाही. म्हणून बांडगूळ फळं पिकण्याआधी फांदीसह छाटावं.

शेवटचं काम

पाकिटांवर झाडाचं नाव, गाव आणि महिना लिहा. गाजरगवत, घाणेरी आणि वेडी बाभूळ यांचं बी मात्र घरी आणू नका. दुसऱ्या शिवारात जाण्याआधी मोजे, पायजम्याची शिवण आणि चपलेचा तळ जिथे चाललात तिथेच झटकून घ्या.