जुना केमिकल शेड घेताय? जमिनीतल्या कचऱ्याचा हिशोब ताब्याआधी करा

एमआयडीसीत प्लेटिंगचा किंवा केमिकलचा जुना शेड घेताना मुद्रांक शुल्क, हस्तांतरण शुल्क, वीजबिलाची थकबाकी हे सगळं तपासलं जातं. जमिनीत काय मुरलंय याची रक्कम मात्र कुणी मांडत नाही. कधीकधी तीच रक्कम प्लॉटच्या किमतीला भारी पडते.

घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत ‘ऑक्युपायर’ म्हणजे फक्त कारखाना चालवणारा नव्हे. कचरा ज्याच्या ताब्यात आहे, तोही त्यात येतो. त्यामुळे किल्ली हातात आली की मागच्या भिंतीलगतचे गाळाचे ड्रम तुमचे झाले. नियम 23 नुसार चुकीच्या हाताळणीने पर्यावरणाचं किंवा इतर कुणाचं नुकसान झालं, तर ते भरून देणं ऑक्युपायरवर येतं. शिवाय जुलै 2025 मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आले. संशयित जागेची प्राथमिक तपासणी, मग सविस्तर तपासणी, त्यानंतर जबाबदार कोण ते ठरवणं आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घेणं, असा क्रम त्यात आहे.

खर्च किती वाढू शकतो ते राजस्थानातल्या बिछडीत दिसलं. तिथे सुमारे 375 टन एच-ॲसिड (रंग बनवायला लागणारं रसायन) बनवताना 2,440 टनांच्या आसपास विषारी गाळ निघाला आणि गावाच्या विहिरी गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कंपन्यांना पूर्ण जबाबदार धरलं. काळजी घेतली होती की नाही हा मुद्दा तिथे चालला नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अहवालातून सफाईचा आकडा आला 37.385 कोटी रुपये. पैसे भरले गेले नाहीत, म्हणून 2011 मध्ये न्यायालयाने त्यावर 4 नोव्हेंबर 1997 पासून 12 टक्के चक्रवाढ व्याज लावलं. त्या दराने रक्कम सहा वर्षांत जवळपास दुप्पट होते.

कागद

विक्रेत्याकडून कन्सेंट (प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारखाना चालवायची संमती), घातक कचऱ्याचं ऑथोरायझेशन म्हणजे तो हाताळायची परवानगी, मागच्या पाच वर्षांचे फॉर्म 4 (हा वार्षिक तपशील 30 जूनपर्यंत भरायचा असतो) आणि सगळे मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या प्रत्येक खेपेची वाहतूक-पावती, मागा. मग बेरीज करा. समजा ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राच्या) गाळाची, म्हणजे 35.3 या वर्गाची, मंजुरी वर्षाला 24 टनांची आहे आणि मॅनिफेस्टची बेरीज 3 टन भरते. उत्पादन खरंच कमी होतं का, ते वीजबिलावरून कळेल. बिल भरभक्कम असेल, तर उरलेला गाळ कुठे गेला ते विचारायलाच हवं. तो कुंपणाच्या आतच असू शकतो. रिकाम्या केमिकल ड्रमांचंही तेच. ते 33.1 खाली घातक कचराच ठरतात. भंगारवाल्याला विकल्याचं ऐकलंत, तर बाकीच्या कागदांकडेही संशयाने बघा.

जमीन

नुसता फेरफटका पुरत नाही. प्लेटिंगच्या टाक्यांखालची फरशी, गटाराचे सांधे, शोषखड्डा, ईटीपीच्या मागची मोकळी पट्टी आणि वापरात नसलेली बोअर, या जागा आधी घ्या. बोअरमध्ये सांडपाणी सोडलेलं असण्याची शक्यता गृहीत धरूनच तिथलं पाणी तपासा.

मातीचे नमुने प्रत्येक जागी किमान तीन खोलींवर घ्या: अर्धा, एक आणि दीड मीटर. वेगवेगळ्या जागांची माती एकत्र करून एकच नमुना पाठवला की खर्च वाचतो, पण सर्वात वाईट जागा त्या सरासरीत दडून जाते. सॉल्व्हंटचा (हवेत उडून जाणाऱ्या द्रावकाचा) संशय असेल तर माती कालवायचीच नाही. बाटली गच्च भरून थंड पेटीतून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. क्रोमियममध्ये एकूण आणि हेक्झाव्हॅलंट (त्याचं जास्त विषारी रूप) असे दोन वेगळे आकडे मागा. आपल्या बेसाल्टच्या मातीत क्रोमियम आणि निकेल मुळातच बरंच असतं, म्हणून कारखान्याच्या प्रभावाबाहेरचा एक तरी नमुना तुलनेला हवाच. तो नसला की विक्रेता म्हणतो, ‘इथली माती अशीच आहे’, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

खर्च

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. समजा दूषित मातीचा डाग 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद, दीड मीटर खोल आहे. म्हणजे 300 घनमीटर. घनमीटरला 1.7 टन धरले तर 510 टन. प्रत्यक्षात खोदताना कडेची माती दूषित निघते. चारही बाजूंनी आणि तळाशी फक्त अर्धा मीटर वाढला, तरी 21 × 11 × 2 म्हणजे 462 घनमीटर, सुमारे 785 टन. अर्ध्या मीटरने बिल दीडपट केलं.

दुसरा फटका पाण्याचा. पैसे वजनकाट्यावर मोजले जातात. 510 टनांत 10 टक्के ओल असेल, तर कोरडी माती 459 टन. तीच पावसात भिजून ओल 25 टक्क्यांवर गेली, की वजन 612 टन होतं. वरचे 102 टन म्हणजे निव्वळ पाणी, आणि ते जाळायला किंवा पुरायला तुम्ही पैसे देता. खोदकाम मेअखेर संपवा. जमत नसेल तर ढिगावर ताडपत्री आणि खाली एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) कागद हवाच.

दर घेताना तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी यांपैकी तुमच्या भागाच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्राकडून पुरण्याचा, प्रक्रिया करून पुरण्याचा आणि जाळण्याचा, असे तीन वेगळे दर लेखी घ्या. नमुन्याच्या चाचणीनंतरच माती किंवा गाळ कुठल्या दरात बसतो ते ठरतं. त्यात वाहतूक, स्वच्छ मातीचा भराव, शेवटची पडताळणी चाचणी मिळवा आणि वर निदान 30 टक्के राखीव ठेवा.

सौदा

कचरा विक्रेत्याच्या नावाने, त्याचं ऑथोरायझेशन जिवंत असताना, ताब्याआधी उचलला गेला पाहिजे. तुमच्या नावाने उचललात तर नोंदीत कचरा निर्माण करणारे तुम्हीच. ‘भविष्यातील सर्व दायित्व विक्रेत्याचे’ हे कलम करारात असू द्या, पण प्रदूषण नियंत्रण मंडळ त्या कराराला बांधील नाही. शिवाय उद्या विक्रेत्याची कंपनी बंद झाली की ते कलम कागदावरच राहतं. म्हणून संचालकांची वैयक्तिक हमी घ्या आणि वर काढलेल्या खर्चाएवढी रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याकडच्या खात्यात, अडकवून ठेवा. मॅनिफेस्टच्या सात प्रतींपैकी निळी प्रत केंद्राकडून पाठवणाऱ्याकडे परत येते. प्रत्येक खेपेची निळी प्रत आणि तिच्यावरचं वजन जुळल्याशिवाय एस्क्रो सोडू नका. बँकेच्या लिलावातला प्लॉट ‘जसा आहे, जिथे आहे’ मिळतो; तिथे अडकवायला विक्रेताच नसतो, त्यामुळे हा सगळा आकडा बोलीतूनच वजा करा.

भूजल दूषित निघालं, तर माती काढून काम संपत नाही. पंपिंग आणि प्रक्रिया वर्षानुवर्षं चालते, आणि शेजारच्या शेतातली विहीरही तुमच्या खात्यावर येऊ शकते. बोअरच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम किंवा सॉल्व्हंट दिसलं आणि विक्रेता किंमत कमी करून तो प्रश्न मिटवू पाहत असेल, तर त्या प्लॉटवर सही करू नका.